थोरल्याला चालेल का?

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात सगळ्यांनी सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची असा नियम होता. डायरेक्टरलासुद्धा 'अभि' म्हणायचं. त्यामुळे माणसं समान झाली असं अभिचं मत होतं आणि ते मत अमान्य करायची कोणाची हिंमत नव्हती. या नियमाला अपवाद एकच, मंदाकिनी तळवडेकर. एचआरमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने त्यांना पहिल्याच दिवशी 'हाय मंदा' केलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला आणि सांगितलं, "मला मंदा म्हणणारी माणसं आता दोनच उरलीत. एक मालवणात असते आणि दुसरीला ऐकू येत नाही. तुम्ही मॅडम म्हणा."

तेव्हापासून कंपनीत एक अभि, बाकीचे सगळे कोणी ना कोणी, आणि एक तळवडेकर मॅडम.

मी तिथे मॅन्युअलं लिहायचो. न्हावा शेव्याच्या आसपास कंटेनर ठेवायची जी मोठमोठी यार्डं आहेत, त्यांच्यासाठी आमची कंपनी सॉफ्टवेअर करायची. कुठला कंटेनर आत आला, कुठल्या जागेवर ठेवला, कधी बाहेर गेला, हे सगळं त्यात. माझं पहिलं मॅन्युअल मी मोठ्या हौसेने मॅडमकडे तपासायला नेलं. त्याचं पहिलंच वाक्य होतं, 'हे सॉफ्टवेअर सर्व संगणकांवर चालते.' त्यांनी पेन्सिल घेतली आणि 'सर्व'वर एक बारीक रेघ मारली.

"हे काढा."

"का मॅडम?"

"सर्व कोणी बघितलेत? मी तीन बघितलेत."

ते तीन त्यांच्या टेबलाखाली होते. आमचं सॉफ्टवेअर तीन जातींच्या मशीनवर चालायचं आणि प्रत्येक जातीचं एकेक मशीन मॅडमनी स्वतःजवळ ठेवलं होतं. पहिलं फार जुन्या पद्धतीचं, गेटवरच्या केबिनमध्ये असायचं तसं, पिवळं पडलेलं धूड. दुसरं आजकाल सगळीकडे असतं तसं. तिसरं पुडक्याएवढं, हातात धरून यार्डात फिरायच्या नव्या यंत्रांतलं, आत मोबाइलच्या जातीची चिप असलेलं. मॅडम त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणत. कोणी धावत येऊन "मॅडम, झालं, चाललं" म्हणाला की त्या मान वर न करता विचारत, "कोणावर?" बहुतेक वेळा ते मधल्यावर चाललेलं असे, कारण सगळ्यांच्या लॅपटॉपची जात मधल्याचीच होती. मग पुढचा प्रश्न यायचा, "थोरल्याला चालेल का?" आणि धावत आलेला माणूस चालत परत जायचा.

त्यांचं काम काय, हे मला समजायला वेळ लागला. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. या कंपायलरच्याही आवृत्त्या निघत राहतात. नव्या आवृत्तीला नव्या पद्धतीने लिहिलेलं समजतं, पण ती जे करून देते ते जुन्या मशीनच्या घशाखाली उतरत नाही. जुनी आवृत्ती जुन्या मशीनला जपते, पण तिला नवं लिहिलेलं कळत नाही. आमचा प्रोग्रॅम एकच आणि मशीनं तीन जातींची. म्हणजे प्रोग्रॅम कसा लिहायचा हे शेवटी सगळ्यात जुना कंपायलर ठरवणार, आणि सगळ्यात जुना कंपायलर थोरल्याचा. तिघांसाठी तीन पॅकेजं बांधायची आणि प्रत्येकावर ते कुठल्या आवृत्तीने बांधलं, चालायला काय काय लागेल, याची चिठ्ठी लावायची, हे मॅडमचं काम. ते त्या वर्षानुवर्षं करत होत्या आणि कंपनीतल्या कोणालाही ते करावंसं वाटत नव्हतं.

सानपाड्याला एका सोसायटीत त्या एकट्या राहत. ऑफिसच्या बसमधून उतरल्या की कँटीनमध्ये न थांबता आधी टेबलाशी जाऊन तिन्ही मशीनं चालू करत, मग स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन चहाला येत. एसीमुळे बारा महिने अंगात स्वेटर. आवाज कधी चढायचा नाही. 'लेटेस्ट' हा शब्द त्यांच्यासमोर कोणी उच्चारला की त्या विचारत, "म्हणजे कितवी?" हीच सवय बाजारातही होती. वाशीच्या मासळी बाजारात मी एकदा त्यांच्या मागे उभा होतो. कोळीण म्हणाली, "ताजा हाय ताई." मॅडम म्हणाल्या, "कधीचा?" कोळणीने एकदा मॅडमकडे आणि एकदा पापलेटाकडे पाहिलं आणि खालच्या पाटीतला दुसरा काढून दिला.

शंतनूचं आणि त्यांचं वाजलं ते या स्वभावामुळेच. शंतनू आमच्याकडचा हुशार मुलगा. त्याने एका पॅकेजच्या चिठ्ठीवर कंपायलरची आवृत्ती लिहिताना 'नववी किंवा त्यापुढची' असं लिहिलं. असं लिहायची सगळीकडे पद्धत आहे, असं त्याने सांगितलं. मॅडमनी त्याला खुर्ची दिली.

"त्यापुढची म्हणजे कुठली?"

"म्हणजे दहावी, अकरावी. जी येईल ती."

"बारावी जन्माला आलीय का?"

"नाही अजून."

"मग ती कशी वागेल हे तुला कसं ठाऊक? लग्नाच्या पत्रिकेवर आपण 'सहकुटुंब' लिहितो. 'सहकुटुंब किंवा त्यापुढचे' असं लिहितो का?"

शंतनू हसला. मॅडम हसल्या नाहीत. पण त्याच आठवड्यात त्या मालवणला गेल्या आणि अभिने शंतनूचं पॅकेज जाऊ दिलं. मग एका रविवारी बांधणीच्या मशीनने आपणहून नवी आवृत्ती उतरवून घेतली, चिठ्ठीत 'त्यापुढची' चालेल असं असल्यामुळे तिनेच धाकट्याचं पॅकेज बांधलं, आणि सोमवारी सकाळी यार्डांतली हातातली यंत्रं एकामागून एक काळे पडदे घेऊन बसली. मॅडम परतल्या, आवृत्तीपुढचं 'किंवा त्यापुढची' काढलं, पुन्हा बांधलं, पाठवलं. बोलल्या काहीच नाहीत. शंतनूला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पण त्या कधी चुकतच नसत असं नाही, आणि चुकल्या की ते सांगायची त्यांची पद्धत वेगळी होती. उरणच्या बाजूला एका यार्डात म्हात्रे नावाचे सुपरवायझर होते. तिथल्याच गावचे, पन्नाशीतले. त्यांचा एकदा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमचा यंत्र सांगतंय का यार्ड भरलाय."

"मग?"

"मी मोकल्या जागंवर उभा हाय. माझे समोर दोन कुत्रे हायेत आनि बाकी काय नाय. यंत्र सांगतंय, दोनशे पंचावन्न कंटेनर."

मॅडमनी दुपारपर्यंत शोधून काढलं. जागा रिकामी असली की आमचा प्रोग्रॅम तिथे 'उणे एक' असा आकडा ठेवायचा. एका अक्षराएवढ्या जागेत. थोरल्याच्या आणि मधल्याच्या कंपायलरला त्या जागेत उणे आकडा ठेवता यायचा. धाकट्याच्या जातीवर कंपायलर त्याच जागेत उणं काही मोजतच नाही. त्याच्या हिशेबी उणे एक म्हणजे दोनशे पंचावन्न. त्यामुळे जितक्या जागा रिकाम्या, तितक्या ओसंडून वाहत होत्या. इलाज सोपा होता, धाकट्यासाठी बांधताना कंपायलरला एक सूचना जास्त द्यायची. मीटिंगमध्ये अभिने विचारलं की असा कोड लिहिला कोणी. सगळे शंतनूकडे बघायला लागले.

"मी," मॅडम म्हणाल्या. "धाकटा नव्हता तेव्हा लिहिलाय. त्या वेळी उणे एक हा उणे एकच असायचा. पण 'कोणावर' हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. अहवालात माझं नाव घाला." आणि घातलं नाही तर म्हणून त्यांनी ते स्वतःच टाइप केलं.

या सगळ्यात शंतनू वर्षभर एका कामावर बसला होता. यार्डातला कंटेनर शोधायची एक नवी पद्धत त्याने लिहिली होती. आधी जिथे ड्रायव्हर चहा पिऊन यायचा, तिथे आता डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर यायचं. ते लिहिलं होतं नव्या पद्धतीने, आणि थोरल्याच्या कंपायलरला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मॅडमनी प्रयत्न केला नाही असं नाही. नवा कंपायलर त्यांनी थोरल्यावरच बसवून पाहिला. तो दिवसभर स्वतःलाच कंपाइल करत बसला आणि संध्याकाळी मेमरी संपली असं सांगून गप्प झाला. मॅडमनी थोरल्याच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. तापला होता.

"थोरल्याला चालत नाही," त्यांनी शंतनूला सांगितलं.

"मॅडम, थोरला आता आहे कोणाकडे?"

"म्हात्र्यांकडे. दर पॅकेजनंतर मी फोन करते. चाललं, म्हणून सांगतात."

"एका यार्डासाठी आपण सगळ्यांना थांबवायचं?"

"त्या एकाला आपण शब्द दिलाय. नवा आला की जुन्याला उचलून टाकायचं, असं मी करणार नाही."

शंतनूने आणखी थोडे महिने वाट पाहिली आणि बंगळुरूला नोकरी धरली. निरोपाच्या दिवशी तो मॅडमच्या टेबलापाशी आला. "येतो मॅडम," एवढंच म्हणाला. मॅडमनी त्याला डबा उघडून खाजं दिलं, मालवणहून आणलेलं. त्याने एक घेतलं.

तोवर अभिचाही धीर सुटला होता. आमच्या कंपनीत काही उशिरा झालं की कारण ठरलेलं असे, थोरला. विक्रीवाले गिऱ्हाइकाला तेच सांगत, टेस्टिंगवाले अभिला तेच सांगत आणि अभि वरच्यांना तेच सांगत असणार. एका मीटिंगमध्ये त्याने सांगून टाकलं की नव्या वर्षात कंपायलर एकच राहील, आणि मॅडमना पटत नसेल तर त्यांनी आपल्या कामाचा विचार करावा. मॅडमनी स्वेटरची बटणं लावली.

"मी आधी म्हात्र्यांना भेटून येते," त्या म्हणाल्या. "त्यांना दुसरं मशीन केव्हा देणार ते ठरवू. मग तुम्ही म्हणाल तसं."

मला नव्या मॅन्युअलसाठी गेटचे फोटो हवेच होते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो. कंपनीच्या गाडीत त्या पुढे बसल्या होत्या. मांडीवर थोरल्याचं ताजं पॅकेज असलेला पेनड्राइव्ह, प्लॅस्टिकच्या डबीत. रस्ताभर ट्रेलरच ट्रेलर. मध्येच त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मी एकदाही यार्डात आलेली नाही बघा." आश्चर्य त्यांनाच वाटलं.

म्हात्रे गेटवर घ्यायला आले होते. पांढरा शर्ट, पिवळं हेल्मेट. मॅडमना पाहून ते एवढे अवघडले की त्यांनी नमस्कारासाठी हेल्मेटच काढलं. चहा झाला. मग मॅडम म्हणाल्या, "आपलं मशीन बघू या."

म्हात्रे जरा घुटमळले. "तो दोन नंबर गेटला हाय," ते म्हणाले, आणि आम्हाला यार्डाच्या पार मागच्या टोकाला घेऊन गेले.

दोन नंबरच्या गेटला कुलूप होतं. गेटातून बाहेर जाणारा रस्ता दहाएक पावलांवर गवतात संपत होता. बाजूच्या केबिनचं दार म्हात्र्यांनी खांद्याने ढकललं. आत दोरखंड, सिमेंटची अर्धी गोणी, मोडकी खुर्ची, आणि टेबलावर मॅडमच्या थोरल्याचा सख्खा जुळा. त्याच्यावर चार हेल्मेटं ठेवलेली होती. म्हात्र्यांनी ती भराभर उचलली आणि रुमालाने वरची धूळ पुसली.

"हे गेट बंद कधी झालं?" मॅडमनी विचारलं.

"नवा रोड झाला ना, तवाच. लय दिस झाले."

"मग हे मशीन काय करतं?"

"काय नाय करत."

"पण तुम्ही तर फोनवर सांगता, चाललं."

"चालतो ना," म्हात्रे म्हणाले. "तुमचा पॅकेज आला का मी इथं येतो, मशीन चालू करतो, पॅकेज टाकतो, चालला का बघतो, मंग बंद करतो. तुमी फोन करता ना. थोरला कसा हाय, चालला का, असा तुमी इचारता. मना वाटला, कंपनीचा काय तरी मोठा काम असल याच्यावर."

मॅडम मशीनकडे वळल्या.

"गेट बंद झालं, हे कधी सांगितलं नाहीत," मीच म्हणालो.

"त्यांनी इचारलाच नाय," म्हात्रे मॅडमकडे बघत म्हणाले. "त्या इचारायच्या, चालला का. तो चालायचा. आता चालला असताना नाय कसा सांगू?"

मॅडम मशीनच्या मागच्या बाजूला वाकल्या होत्या. "हा पंखा मूळचा नाही."

"बंद पडला व्हता. मी बदलला. जुईनगरला एकाकडं मिलाला, लय फिराया लागला." मग थोडं थांबून म्हात्रे म्हणाले, "मॅडम, माझा काय चुकला का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचं सगळं बरोबर आहे. मी प्रश्न चुकीचा विचारत होते."

त्यांनी खुर्ची ओढली, ती मोडकी आहे हे लक्षात आल्यावर उभ्यानेच मशीन चालू केलं, डबीतला पेनड्राइव्ह काढला आणि पॅकेज बसवलं. आम्ही तिघेही त्या पडद्याकडे बघत उभे होतो. चाललं. मॅडमनी मान डोलावली आणि मशीन नीट, विधिवत बंद केलं. "आता हे चालू करू नका," त्या म्हणाल्या. "मी फोन करेन. पण तुमची चौकशी करायला."

परतताना त्या मागच्या सीटवर बसल्या. मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. बेलापूर ओलांडलं. मला वाटलं रडतायत की काय, म्हणून मी आरशात पाहिलं. त्या फोनवर शंतनूचा नंबर शोधत होत्या. तो लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "तळवडेकर बोलतेय. तुझं काम आपण घेतोय. 'किंवा त्यापुढची' हे तेव्हाही चूक होतं आणि आजही चूकच आहे. पण थोरल्याबद्दल तू बरोबर होतास." पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मॅडमनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "नाही रे, तसं नाही. मी बघायला जायला हवं होतं. तू म्हणालास त्या दिवशीच."

दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. अभि लढाईच्या तयारीने आला होता. पडद्यावर दाखवायला त्याने भलंमोठं प्रेझेंटेशन केलं होतं, त्यात आलेख होते, बाण होते. मॅडम म्हणाल्या, "थोरला बंद करू या. तो आता कोणी वापरत नाही. कंपायलर तिघांचा नव्हे, आता दोघांचा, आणि आवृत्ती एकच. कितवी ते मी संध्याकाळी सांगते." अभि पहिल्याच बाणावर थांबला. एवढ्या लवकर जिंकायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "पण मॅडम, आपण नक्की शुअर आहोत ना? कुठे एखादा राहिला असेल तर?" आणि थोरला खरोखरच कुठे उरला नाही ना, हे पाहण्यासाठी त्याने एक समिती नेमली. समिती बराच काळ पाहत राहिली. तोवर मॅडमनी सगळं नव्या कंपायलरवर नेलंसुद्धा. शंतनूचं काम यार्डात पोचलं आणि ड्रायव्हरांचा चहा बुडाला.

मग एक गंमत झाली. कामं आधीसारखीच उशिरा होत राहिली. फक्त आता कारण सांगता येईना. मीटिंगमध्ये कोणी तरी सवयीने "ते थोरल्यामुळे" अशी सुरुवात करायचं आणि मध्येच थांबायचं. मॅडम त्याच्याकडे शांतपणे बघत राहायच्या. मला वाटतं, त्या बघण्याचाच कंपनीला जास्त त्रास झाला. वर्ष संपायच्या आत पॅकेज बांधायचं सगळं काम आपोआप होईल अशी व्यवस्था आली आणि मॅडमना 'सल्लागार' केलं गेलं. सल्ला कोणी विचारला नाही. एका शुक्रवारी त्यांनी टेबलाखालचं पिवळं धूड टॅक्सीत घातलं, सगळ्यांना खाजं वाटलं आणि त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात अभि म्हणाला की आमच्या प्रगतीत मॅडमचा फार मोठा वाटा आहे. मॅडमनी विचारलं नाही, कुठल्या.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. पामबीच रोडच्या एका सिग्नलला मी रिक्षात होतो. शेजारी एक लहानशी पांढरी गाडी येऊन थांबली, छपरावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, आणि चाकामागे दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून मॅडम. बाजूला शिकवणारा गृहस्थ हाताची घडी घालून, डोळे जवळजवळ मिटून बसला होता.

"मॅडम, कुठे निघालात?" मी वाकून विचारलं.

"हे म्हणतील तिकडे," त्या त्याच्याकडे मान करून म्हणाल्या. मान केली तेव्हा क्लचवरचा पाय सुटला असावा, कारण गाडी एक गचका खाऊन बंद पडली. सिग्नल हिरवा झाला. मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, त्याच्यामागच्या बसने त्यात सूर मिळवला. शिकवणारा काहीतरी भराभर सांगत होता. आणि तळवडेकर मॅडम हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसतच त्यांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, उजवीकडचा इंडिकेटर लावला आणि सगळ्यांच्या समोरून त्या निवांत डावीकडे वळून गेल्या.